कौटुंबिक शिबिर भरवायचं तर आधी चूल कोणाकडे ते ठरवा

आमच्याकडे चर्चच्या उन्हाळी कौटुंबिक शिबिराची बैठक बसली की पहिला विषय निघतो तो संदेश द्यायला कोणाला बोलवायचं याचा. दुसरा जागेचा. मी दरवेळी तिसरंच विचारते: आठवडाभर भाकरी कोण थापणार? हे ठरलं नाही तर काय होतं ते मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, प्रत्येक बाईला ठाऊक आहे. घरचे सगळे शिबिराला येतात. बाप झाडाखाली बसून वचन ऐकतो, लेकरं गाणी शिकतात, आणि आई तिकडे मोठ्या गंजापाशी आलू चिरत असते. संदेश तिला ऐकू येतो तो भोंग्यातून, तोही अर्धा. मग ते शिबिर कुटुंबाचं कसं म्हणायचं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आता अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या मंडळ्या मिळून जे शिबिर भरवतात, त्याची व्यवस्था पाहते. आपल्या भागात असं शिबिर पहिल्यांदाच भरवायचं आहे, अशा मंडळ्यांसाठी हे लिहिते आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. तिच्यावरून बायकांना पुष्कळ उपदेश होतो, की मार्थेसारखी दगदग करू नका, मरियेसारखं प्रभूच्या पायाशी बसा. उपदेश खराच आहे. पण मार्थेने बसायचं तर तिच्या हातातली पळी दुसऱ्या कोणीतरी घ्यायला हवी. शिबिर भरवणाऱ्यांचं पहिलं काम म्हणजे तो दुसरा माणूस शोधणं.

म्हणून लग्नाचा स्वयंपाक करणारा आचारी ठरवा, सोबत दोन मदतनीस. लग्नसराईत आचारी मिळत नाही, तेव्हा फेब्रुवारीतच सांगून ठेवा. पूर्ण मजुरी द्या. 'देवाचं काम आहे, थोडं कमी घ्या' असं त्या गरीब माणसाला म्हणू नका, देवाचं काम आपलं आहे, त्याचं ते पोट आहे. वाढणं, पाणी देणं, पंगत उठल्यावर झाडणं आणि भांडी घासणं ही कामं बाप आणि मोठी पोरं करतील, असं पहिल्याच संध्याकाळी पाळकसाहेबांच्या तोंडून जाहीर करून घ्या. हे त्यांनीच सांगायला हवं. मी सांगितलं तर पुरुष मान हलवतात आणि त्यांच्या बायका लाजून उठतात. पाळकसाहेबांनी सांगितलं आणि पहिलं पातेलं स्वतः घासायला घेतलं, की मग कोणी मागे राहत नाही. तरी पहिले दोन दिवस बायका चुलीकडे ओढल्या जातातच. त्यांना हाताला धरून सतरंजीवर आणून बसवा.

एक अपवाद मी ठेवते. शुक्रवारी संध्याकाळी रोडगे. ते आचाऱ्याने करायचे नाहीत, पुरुषांनी करायचे. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजण्याचं काम वऱ्हाडात पुरुष हौसेने करतात, त्यांना ते येतं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. त्या संध्याकाळी बायकांनी फक्त जेवायचं.

तारखांचं आता. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान कधीही येतो, म्हणजे उपवासकाळ आणि पवित्र सप्ताह एप्रिलअखेर नक्की संपलेला असतो. शाळेच्या परीक्षाही तोवर आटोपतात. एप्रिलचा शेवटचा किंवा मेचा पहिला आठवडा त्यातल्या त्यात बरा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात म्हणून काहींना वाटतं जूनमध्ये भरवू, पण मृग जवळ आला की शेतकऱ्याचं मन वावरात असतं, त्याला शिबिरात बसवून उपयोग नाही. मेच्या उत्तरार्धात वखरणी, बियाण्याची धावाधाव आणि लग्नं. मेळघाटातल्या कोरकू घरांसाठी मात्र वेगळा विचार करा. तेंदूपत्त्याचा हंगाम त्यांच्या रोख पैशाचा हंगाम असतो. त्या दिवसांत बोलावणं पाठवलं तर ते येणार नाहीत आणि आपल्याला टाळलं असं त्यांना वाटेल. त्यांच्या गावच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून मगच तारीख पक्की करा.

सुरुवात रविवारी संध्याकाळी आणि समाप्ती शनिवारी दुपारच्या जेवणाने. म्हणजे दोन्ही रविवारी माणसं आपापल्या मंडळीत उपासनेला हजर राहतात आणि कोणत्याही पाळकाची तक्रार येत नाही.

"आमी सारेच आलो त ढोरं कोण पायन?" हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. याचं उत्तर शिबिराआधी महिनाभर शोधावं लागतं. आमच्याकडे शेजारचं घर गाई-म्हशींचं पाहतं, ते घर ख्रिस्ती असलंच पाहिजे असं नाही, बहुतेक नसतंच. ते वारीला किंवा लग्नाला बाहेर गेले की आपण त्यांच्या गोठ्यात उभं राहायचं. संत्र्याच्या बगीच्याला ओलीत असेल आणि शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असेल, तर बापाला एक रात्र गावी जाऊन येऊ द्या. नियमाने बांधून ठेवलं तर तो पुढच्या वर्षी येणार नाही आणि घरच्यांनाही येऊ देणार नाही.

जागेसाठी बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव चिखलदऱ्याचं येतं. थंड आहेच, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच, रात्री पांघरूण लागतं. पण मे महिन्यात तिथे पर्यटकांची गर्दी, खोल्यांचे भाव चढलेले आणि पाण्याची टंचाई. घाट चढताना म्हाताऱ्यांचे हाल होतात, लेकरं ओकतात. मुख्य म्हणजे गरीब घर तिथे येत नाही. माझं मत खाली सपाटीवरच्या एखाद्या जुन्या मिशन कंपाउंडाला किंवा शाळेला. मोठे कडुनिंब, जाड भिंतींचं कौलारू प्रार्थनाघर, लांब व्हरांडा असला की झालं. मात्र झाडं बघण्याआधी पाणी बघा. साठ माणसं धरली तर पिणं, स्वयंपाक, भांडी, आंघोळ आणि संडास मिळून माणशी 50 ते 60 लिटर लागतं, म्हणजे रोजचं 3,000 ते 3,600 लिटर. नुसतं प्यायलाच या उन्हात माणशी पाच लिटर धरा. बोअर उन्हाळ्यात किती वेळ चालते ते गावात विचारा, मालकाला नको, रोज तिथून पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. शंका असेल तर 5,000 लिटरचा टँकर आधीच सांगून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा 44-45 पर्यंत जातो. शिबिराचा दिवस सूर्याकडे पाहून आखावा लागतो, घड्याळाकडे नंतर. पहाटे पाचला उठणं, साडेपाचला अंगणात प्रार्थना, चहा, साडेसहा ते आठ शास्त्राभ्यास. नंतर पोहे किंवा उपमा. साडेआठ ते साडेदहा लेकरांचं व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) व्हरांड्यात, मोठ्यांची चर्चा प्रार्थनाघरात. अकराला जेवण. त्यानंतर साडेचारपर्यंत कोणीही, पुन्हा सांगते, कोणीही उन्हात जायचं नाही. झोपा, बसा, कुलरपुढे गप्पा मारा. या वेळात 'विशेष सत्र' घुसवायचा मोह दरवर्षी कोणाला तरी होतो. बाहेरगावचे वक्ते आले आहेत, वेळ वाया जातो आहे, असं त्यांना वाटतं. तो वेळ वाया जात नाही. नवरा-बायको दुपारी निवांत बोलत पडली आहेत, कामाचं काही नाही, हे दृश्य आमच्या घरांत वर्षभर दिसत नाही. साडेचारला आंबील किंवा पन्हं, उन्हं उतरली की खेळ, सव्वासातला जेवण, आठ ते साडेनऊ भजन. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवावा लागतो, तो कायदा आहे, तेव्हा पहाटेची प्रार्थना बिनभोंग्याचीच. तीच मला जास्त आवडते.

ओआरएसची पाकिटं डब्बाभर आणून ठेवा. एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोणाचं अंग तापलेलं आहे, तो असंबद्ध बोलतो आहे किंवा गुंगी येते आहे, तर ती उष्माघाताची खूण. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर ओलं फडकं फिरवत वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, पण फोन आधी.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का ते शिबिराच्या आधी जाऊन विचारा. रात्री उघड्यावर झोपणाऱ्यांनी खाली सतरंजीवर न झोपता बाजेवर झोपावं, सकाळी चप्पल झटकून घालावी, विंचू तिथेच बसतो. आणि सगळ्यांत मोठी भीती मला वाटते ती शेततळ्याची. प्लास्टिकच्या अस्तरावरून पाय घसरतो, पोहता येणाऱ्या पोरालाही वर चढता येत नाही. कंपाउंडाजवळ शेततळं किंवा कठडा नसलेली विहीर असेल तर दिवसभर तिथे एक मोठा माणूस बसवा. तसं जमत नसेल तर जागा बदला. लेकरांच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, एकटं कोणी नको, कितीही विश्वासाचं असलं तरी. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा.

शिध्याचा अंदाज साठ माणसांचा देते: एका जेवणाला तांदूळ 5 किलो, तूर डाळ अडीच किलो, कणीक 6 ते 7 किलो, भाकरी असतील तर ज्वारीचं पीठ तेवढंच. फल्लीदाणे, कांदे आणि सांबार (कोथिंबीर) हात सैल सोडून आणा. सकाळी चून-भाकर आणि कांदा, एखाद्या दिवशी पातोडीचा रस्सा, कढी-भात, आमरस एकदा तरी. कोंबडी करायची तर एकदाच आणि लगेच खायची, या उन्हात शिजलेलं सांभाळता येत नाही.

शुल्क माणशी ठेवू नका, घरामागे ठेवा. माणशी ठेवलं की घरातली आजी मागे राहते, 'माह्यं काय, मी घरीच बरी' म्हणून. मोठी सून मागे राहते. घरामागे ठेवलं की सगळे येतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने ज्वारी द्यावी, डाळ द्यावी, कांदे द्यावेत. आमच्या महिला मंडळातल्या बायका नव्या वर्षापासून रोजच्या दळणातलं मूठभर धान्य शिबिराच्या डब्यात टाकतात. कोणी काय दिलं हे वाचून दाखवायचं नाही. फक्त एकूण सांगायचं.

आता शास्त्राभ्यास. माझं ठाम म्हणणं आहे की आमच्या भागातल्या कुटुंबांसाठी बायबलमधलं रूथचं पुस्तक घ्यावं. चारच अध्याय आहेत, सोमवार ते गुरुवार रोज एक. आणि त्यात जे आहे ते आमच्या गावात आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन मवाब देशात पोट भरायला जातो. तिथे तोही मरतो आणि दोन्ही मुलंही मरतात. उरतात तीन विधवा: नामी आणि तिच्या दोन सुना, त्यातली एक रूथ. आमच्या जिल्ह्यात, यवतमाळात, वर्ध्यात किती घरांत सासू आणि सून दोघीच उरल्या आहेत हे मला सांगायची गरज नाही. त्यातल्या काही शिबिराला आलेल्या असतात. म्हणून पहिल्या अध्यायाच्या दिवशी संदेश लांबवू नका. वाचा, आणि गप्प बसा. नामी म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा, सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिले आहेत. त्या वाक्यावर घाईघाईने सांत्वनाचं पांघरूण घालू नये. शास्त्राने तिला तसं बोलू दिलं आहे, आपणही बोलू द्यावं.

दुसऱ्या दिवशी रूथ सरवा वेचायला जाते. हा अध्याय समजावून सांगावाच लागत नाही. सोयाबीन, गहू काढल्यावर मागून सरवा वेचणाऱ्या बाया सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, काहींनी स्वतः वेचलेला असतो. त्या शेताचा मालक बवाज आपल्या माणसांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम थोडं गळू द्या, तिला धमकावू नका. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे, अशी आज्ञाच आहे. त्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या झाडाखाली वेगळं बसायचं. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे असं नको, घरचे सगळे एकत्र. एकच प्रश्न: आपल्या वावरात कोण येतं, आणि आपण त्यांच्याशी कसं बोलतो? आधी सगळ्यांत लहान लेकराने बोलायचं. लेकरं खरं बोलतात, आणि बापाला ते ऐकावं लागतं.

तिसरा अध्याय खळ्यावरच्या रात्रीचा, तो मोठ्यांच्या चर्चेच्या वेळी घ्या, लेकरं तोवर व्हीबीएसमध्ये. चौथ्यात बवाज वेशीत दहा वडिलांना बसवून जमिनीचा आणि विधवेचा प्रश्न सगळ्यांसमोर सोडवतो. त्या दिवशी सकाळच्या चर्चेला एखादा वकील बोलवा. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे आणि मुली सारखेच वाटेकरी असतात. आमच्या कितीतरी बहिणींना हे माहीत नसतं. भाऊ सह्या घेऊन जातात, त्या देऊन टाकतात. आदिवासी घरांत रूढीचा प्रश्न येतो, म्हणूनच वकील हवा, ऐकीव माहितीवर सल्ला देऊ नये. वारसनोंद, फेरफार, सातबाऱ्यावर नाव कसं चढतं, हे त्याच सतरंजीवर बसून समजून घ्यायचं. हा शास्त्राभ्यासच आहे. वेशीत बसलेले ते दहा जण दुसरं काय करत होते?

शुक्रवारची सकाळ मी घरच्या हिशेबाला देते. प्रत्येक जोडप्याला एक वही. नवऱ्याने आणि बायकोने मिळून खरिपाचा खर्च लिहायचा: बियाणं, खत, फवारणी, मजुरी. आणि दुसऱ्या पानावर कर्ज, बँकेचं, सोसायटीचं आणि सावकाराचंही. वही कोणाला दाखवायची नाही. पुष्कळ बायकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं घरावर किती आहे. काहींना रडू येतं, काही नवऱ्यांना बोलताच येत नाही. जवळ जाऊ नका, दोघांना राहू द्या. एवढं पाहा की पाळकसाहेब आणि एखादी जाणती बाई दिवसभर मोकळी असेल, ज्याला बोलायचं आहे त्याच्यासाठी. कर्ज एकट्या माणसाच्या छातीवर असू नये, घरात दुसऱ्या कोणाला तरी ते माहीत असावं, एवढ्यासाठी ही सकाळ आहे.

दारू पिणाऱ्या माणसाला शिबिरात घ्यायचं का, असं विचारतात. घ्यायचं. त्याचं घर तिथे असताना तो गावात एकटा का राहील? पण जो रोज खूप पितो त्याची दारू एकदम तुटली तर हातपाय थरथरतात, झटकेही येऊ शकतात, त्यात जिवाला धोका असतो. आधी डॉक्टरांना दाखवा, औषध सोबत आणा आणि त्याच्याशेजारी झोपायला एक शांत माणूस द्या. साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला, त्याला उभं करू नका. तो स्वतः उठला तर ऐका.

संध्याकाळच्या भजनाला हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी, मंजिरे. कीर्तन आणि भजन मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवण्यात नारायण वामन टिळकांचा (1861–1919) मोठा वाटा, आणि त्यांची भजनं आमच्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहेत. कीबोर्डवरची नवी गाणी तरुणांना येतात. पहिला अर्धा तास म्हाताऱ्यांचा ठेवा, कारण साडेआठनंतर त्यांना पेंग येते. तरुणांचं नंतर चालतं.

गावाला अंधारात ठेवू नका. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना आठवडाभर आधी भेटून वेळापत्रकाची प्रत द्या, कोण येणार, कधी काय होणार ते सांगा. शुक्रवारच्या रोडग्यांना शेजारच्या घरांना बोलवा. आमच्या कित्येक घरांत नातेवाईक वेगवेगळ्या धर्मांचे आहेत, तेही येतात, जेवतात, भजनाला टाळ्या देतात. त्यांना कोणीही बाजूला घेऊन काही पटवायला बसू नये, पाहुणा म्हणून आले आहेत, पाहुणा म्हणून जातील.

प्रभूभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचं, आधीच ठरवून ठेवा. वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या की कोण देणार, कोण घेणार यावर मतं वेगळी असतात, आणि शनिवारी सकाळी तो वाद निघाला तर आठवड्याचं सगळं त्यात जातं. पाळकांचं एकमत नसेल तर प्रीतिभोजन करा, एकाच ताटातून घरच्यांनी एकमेकांना घास द्यावा. ते सगळ्यांना चालतं.

शनिवारी निघण्याआधी हिशेब मोठ्याने वाचा: किती जमलं, आचाऱ्याला किती दिले, टँकरचे किती, उरले किती. उरलेलं धान्य घरी परत न्यायचं नाही, ज्या दोन-तीन घरांना खरिपाआधी ओढ आहे त्यांच्याकडे संध्याकाळी कोणी न बघता पोचवायचं. आचाऱ्याचे पैसे तो गाडीत भांडी चढवण्याआधी हातात द्या. आणि पुढच्या वर्षीचा आचारी त्याच वेळी सांगून ठेवा.